फ्लेक्सवर बसलेल्या बाया

साखरखेर्ड्याजवळच्या आमच्या गावात पोरं बाजाराच्या ओट्यांमागे गांजा ओढायला जमायची. समजावून समजावून आमचा घसा बसला. शेवटी बौद्धवाड्यातल्या आणि मोहल्ल्यातल्या आम्ही बायांनी समिती केली आणि रोज संध्याकाळी तिथेच बसायला लागलो. कोणी तूर निवडायची, कोणी लसूण सोलायची. आईसमोर, खालासमोर चिलीम पेटवायची कोणाची छाती होणार? पोरं पांगली.

मग समितीला सरकारी अनुदान मिळालं. बुलढाण्याहून साहेब आले. "नुसतं बसणं म्हणजे काय उपक्रम आहे का?" म्हणाले. त्यांनी अनुदानातून मोठ्ठा फ्लेक्स छापून ओट्यांसमोर बांधला. त्यावर व्यसनमुक्तीची घोषणा आणि शेजारी साहेबांचा हसरा फोटो. आता जनजागृती होईल, तुम्ही घरी जा, असं सांगून ते गेले.

आठवडाभरात फ्लेक्समागून धूर निघायला लागला. पोरांना आयता आडोसा झाला होता.

माझं डोकंच फिरलं. आम्ही दोऱ्या कापल्या, फ्लेक्स ओट्यांमागे अंथरला आणि सूप घेऊन त्याच्यावर बसलो. साहेबांना अहवालासाठी फोटो हवा होता, तोही पाठवला. लगेच फोन आला.

"यात फ्लेक्स कुठे दिसतो?"

"दिसन कसा साहेब? आम्ही त्याच्यावर बसून राह्यलो."

"आधी उठा आणि तो परत बांधा. नाहीतर पुढचा हप्ता थांबवीन."

"थांबवा," मी म्हटलं. "बसायले पैसे लागत नाहीत."