पायाचा दोष

खाणीवर त्याला सगळे डॉक्टर म्हणत. माणसांचा नव्हे, मशीनचा. पंचवीस वर्षं लोडर आणि डंपर उघडून उघडून त्याच्या नखांत काळं कायमचं वस्तीला आलं होतं. इंजिन सुरू केलं की दोन मिनिटांत रोग सांगतो, अशी त्याची ख्याती होती, आणि ती त्याला स्वतःलाही जरा जास्तच पटली होती.

त्याचा साडू त्याच खाणीवर लोडर चालवायचा. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. साडूला तिथे चिकटवला होता तोही डॉक्टरनेच. माणूस गरीब स्वभावाचा, हात मात्र सफाईदार. भरलेल्या बकेटमधून खडा सांडायचा नाही.

एके दिवशी दुपारी हाच साडू भरली बकेट घेऊन चढ चढत असताना इंजिन एकदम बसलं. लोडर मागे घरंगळला आणि ब्रेक लागेपर्यंत खाली उभ्या असलेल्या डंपरच्या केबिनवर आदळला. डंपरचा ड्रायव्हर नुकताच पाणी प्यायला उतरला होता, म्हणून वाचला.

"माझा पाय दाबलेलाच होता," साडू पांढऱ्याफटक चेहऱ्याने सांगत होता. "इंजिननेच दम सोडला."

सुपरवायझरने डॉक्टरला बोलावलं. या इंजिनांत अॅक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनापर्यंत तार नसते. पेडलखाली एक सेन्सर असतो. पाय जितका दाबावा तितका त्याचा व्होल्ट चढतो. तो वाचून इंजिनाचा कॉम्प्युटर डिझेल सोडतो. मधेच तो सिग्नल तुटला, तर इंजिनाच्या लेखी पाय उचलल्यातच जमा. डॉक्टरने लोडर शेडमध्ये ओढून आणवला, गार मशीनला मीटर लावलं, हाताने पेडल दाबून पाहिलं. पाच व्होल्ट येत होते, अर्थिंग ठीक होतं, सिग्नल सरसर वर चढत होता. दहा मिनिटांत काम संपलं. कॉम्प्युटरमध्ये सिग्नल तुटल्याची एक नोंद दिसली खरी, पण मागे सर्व्हिसिंगला आपणच जोड काढला होता, तेव्हाची असेल, असं म्हणून त्याने ती पुसून टाकली.

बाहेर सगळे घोळका करून उभे होते. डॉक्टर हात पुसत आला आणि म्हणाला, "मशीनमध्ये दोष नाही. दोष पायाचा आहे."

लोक हसले. साडूही हसल्यासारखं करून खाली बघायला लागला. दुसऱ्या दिवसापासून त्याला गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या डंपरचे नंबर लिहायला.

घरी बायकोने विचारलं, "अहो, नीट बघितलंत ना?"

"मीटर काय माझा साडू आहे, माझ्या बाजूने बोलायला?" तो म्हणाला. तिच्या बहिणीचं येणं हळूहळू थांबलं.

चार महिने गेले. लोडरवर आता एक बाई होती, उंचीने बेताची आणि जिभेने तिखट. एका मंगळवारी तिने मशीन थेट वर्कशॉपच्या दारात आणून उभं केलं.

"डॉक्टर, चढावर हे दम सोडतंय. आठवड्यात तिसऱ्यांदा. का माझाही पाय वाकडा?"

या वेळी कोणी हसलं नाही.

आता त्याने नीट पाहिलं. इंजिन तापलेलंच होतं, ते बंद करू दिलं नाही. बाईला केबिनमध्ये बसवून पेडल अर्ध्यावर धरायला सांगितलं आणि स्वतः मीटर जोडून खाली आडवा झाला. इंजिनाकडून सुरुवात करून तो वायर वीतवीत हलवत आला. केबिनखालच्या कनेक्टरला बोट लागलं आणि अडीच व्होल्टचा आकडा शून्यावर आला. डोक्यावर इंजिन धापकन बसलं. बोट काढलं, पुन्हा उठलं.

इंजिन बंद करवून त्याने कनेक्टर उघडला. आत तीन बारीक पितळी नळ्या, त्यांत समोरच्या पिना बसतात. एक सुटी पिन घेऊन त्याने तिन्हींत घालून पाहिली. दोन नळ्यांनी ती घट्ट धरली. तिसरीतून ती आपसूक खाली पडली. नळीचं तोंड फाकलं होतं. मशीन तापलं, हादरलं, की सिग्नल सुटायचा; गार शेडमध्ये उभं असलं की सगळं आलबेल.

तोंड फाकलं कशाने, हे शोधायला त्याला कुठे जावं लागलं नाही. अपघाताच्या दोन महिने आधी, सर्व्हिसिंगला, व्होल्ट मोजायला मीटरची जाड सुई त्यानेच त्या नळीत खुपसली होती. बारीक सुया हत्यारपेटीत होत्या, पेटी पाच पावलांवर होती, आणि त्याला उठायचा कंटाळा आला होता.

"सापडलं का?" वरून बाईने विचारलं.

"सापडलं," तो म्हणाला. "कनेक्टर सैल झाला होता."

झाला होता. आपोआप, जणू वय झाल्यासारखा. त्याने नवी नळी बसवली, बाईला दोनदा चढावर पाठवून खात्री केली आणि रजिस्टरमध्ये 'कनेक्टर दुरुस्त' असं लिहिलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. जुनी नळी फेकायला हात होईना, म्हणून ती शर्टाच्या खिशात टाकली. बुधवार गेला, गुरुवार गेला. गेटवरून जाताना तो फोन कानाला लावून जायचा, फोन आलेला नसतानाही.

रविवारी बायकोने काही न विचारता त्याला बहिणीकडे जेवायला नेलं. साडू खुर्चीत बसला होता. पायाखाली लाकडी फळी, फळीखाली स्प्रिंग. तो ती तळपायाने दाबत होता आणि सोडत होता.

"हे काय चालवलंयस?" डॉक्टरने विचारलं.

"व्यायाम. डॉक्टरने सांगितलाय. तू नाही, खऱ्या डॉक्टरने." साडू हसला. "पायाला मुंग्या येतात का, विचारत होते. मला तर कधी आल्या नाहीत. पण तू म्हणालास म्हणजे काहीतरी असणारच. पाय उचलला गेला असेल, मला कळलंही नसेल. तो ड्रायव्हर आत असता तर, या विचाराने झोप उडते बघ. पोरीलासुद्धा आता स्कूटरवर मागे बसवत नाही मी."

आत ताटं मांडल्याचा आवाज येत होता. डॉक्टरला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"पाय चांगला आहे तुझा," तो कसाबसा म्हणाला. खिशातली नळी काढून त्याने फळीशेजारी ठेवली. "दोष हिच्यात होता. आणि हिला बिघडवली मी. कंटाळा केला, जाड सुई खुपसली. नंतर तपासायला आलो तेव्हाही धड तपासलं नाही, आणि चारचौघांत तुझ्यावर ढकललं."

साडूने नळी उचलून उजेडात धरली. स्वयंपाकघराच्या दारात दोघी बहिणी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"कधी सापडली?"

"मंगळवारी."

"आज रविवार," साडू म्हणाला.

जेवण झालं, पण घास मोजून घेतल्यासारखं.

सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी त्याने सगळ्यांना थांबवलं आणि जे घरी सांगितलं तेच सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, "अहो, होतं असं एखाद्या वेळी. एवढं काय मनाला लावून घेता?" कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. रागावलं असतं कोणी, तर बरं वाटलं असतं. रजिस्टरमधली नोंद त्याने खोडली नाही. तिच्याखाली खरी हकीकत लिहिली आणि सही केली.

आठवड्याभरात साडू लोडरवर परत आला. बाईला दुसरं मशीन मिळालं. बहिणींचं फोनवर बोलणं पहिल्यासारखं तासतास सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी साडूने लोडर वर्कशॉपशी आणला. केबिनमधून उतरून, दोन पावलं लांब उभा राहून म्हणाला, "साहेब, जरा बघता का? पेडल जड लागतंय."

लग्न झाल्यापासून दोघांत अरे-तुरेच होतं. "अरे म्हण की," एवढं म्हणायला डॉक्टरची जीभ रेटली नाही.

"बघतो," तो म्हणाला, आणि मशीनखाली शिरला.