पाहून गेलेले चेहरे

सुनेच्या मोबाइलवर काही धूसर चेहरे होते. तिच्या कापडी पिशव्यांच्या धंद्याचं अ‍ॅपवरचं पान कोणीतरी पाहून गेलं होतं. कोण, ते अ‍ॅपची वर्गणी भरल्यावरच दिसणार.

"भरू का हो, आई? ऑर्डरी थांबल्यात," ती दमून म्हणाली.

मला तरुणपणीची मी आठवले. पापडांचा धंदा वाढावा म्हणून या शहाणीने संक्रांतीला बंगलेवाल्या बायकांना पापडांचंच वाण दिलं. सगळ्या गोड हसल्या आणि पुढच्या संक्रांतीला पुन्हा वाण न्यायला आल्या. अनोळखी डोळ्यांचं माणसाला भारी वेड.

"जुन्या गिऱ्हाइकांना विचारलंस, का थांबले?"

तिने नाइलाजाने किराणावाल्या काकांना फोन लावला.

"बंद तुटतात गं पिशव्यांचे," ते म्हणाले. "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."