इथे काही लिहू नये

देवळीचा मे महिना मी कितीही फुगवून सांगितला तरी कमीच पडतो. डांबरी रस्त्यावर माणूस बोलत उभा राहिला की चप्पल रस्त्याची होते, माणूस अनवाणी घरी जातो. अशा गावात मोठेबाबांचं, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचं, कूलरचं दुकान होतं. गावात इंटरनेट नुकतंच आलेलं. विदर्भातला पहिला वेबसाइटवाला मीच. दुसरा कुणी असलाच तर तो माझ्याकडेच शिकला असणार. दुकानाची वेबसाइट केली आणि तिच्यावर मागणीचा फॉर्म टाकला. मोठेबाबांनी माझ्या भरवशावर जाहिरातीची भोंगेवाली रिक्षा बंद केली आणि गोदाम छतापर्यंत भरलं. पाऊस लागायच्या आत माल गेला नाही, तर वर्ष पाण्यात.

फॉर्म धडाधड आले. जिल्ह्यातल्या सेलूचे नाहीत, आष्टीचे नाहीत, थेट रशियाचे! कुणी घड्याळं विकत होतं, कुणी मर्दानगीच्या गोळ्या.

"काबे, या रशियावाल्याले कूलर कायले पायजे? तिथं तं बर्फ पडते," मोठेबाबा म्हणाले.

"माणूस नाई मोठेबाबा, मशीन आहे. फॉर्म दिसला का भरते."

"मंग आपलं गिऱ्हाईक कुठी आहे?"

ते त्या ढिगाऱ्याखाली होतं. मशीनला दिसेल तो रकाना भरायची खोड असते, म्हणून मी फॉर्मच्या तळाशी एक फसवा चौकोन ठेवला. जो भरेल, त्याचा फॉर्म आपोआप कचऱ्यात. असा चौकोन खरं तर माणसांपासून लपवायचा असतो. पण लपवाछपवी आपल्या स्वभावातच नाही. मी वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'इथे काही लिहू नये.'

रशिया एका झटक्यात हरला. पण त्याच्यासोबत वर्धा जिल्हाही गेला. एक फॉर्म येईना. मोठेबाबा रिक्षावाल्याला भाव विचारून आले, तेव्हा मी कचरा उपसला.

सगळा जिल्हा तिथे बसला होता! सेलूच्या एका मास्तरांनी चौकोनात लिहिलं होतं, 'काऊन लिहू नये?' आष्टीच्या एकानं, 'लिहाचं नाई तं जागा कायले ठेवली?' एका बाईंनी नम्रपणे, 'बरं, नाई लिहत.'

मी तिथल्या तिथे चाळणी फिरवली. चौकोनात वेबसाइटचे पत्ते असतील तो फॉर्म कचऱ्यात, भांडण असेल तो मोठेबाबांकडे. चौकोन रिकामा सोडणाऱ्यालाही घ्यायचं ठरवलं होतं, पण तसा गृहस्थ अख्ख्या मोसमात निघाला नाही. मशीन कोण, माणूस कोण हे ओळखायला मोठमोठे इंजिनीयर लोकांना वाकडीतिकडी अक्षरं वाचायला लावत होते. मी माणूस भांडणावरून ओळखला.

पावसाआधीच गोदाम झाडून साफ झालं. मागणी थांबेना, तेव्हा मोठेबाबांनी घरातला चालू कूलर उचलून गिऱ्हाईकाच्या गाडीत टाकला. मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन ओट्यावर आली आणि मला म्हणाली, "माहाबी फॉर्म भर रे बाबू. आता मीबी गिऱ्हाईकच हाव."