एकशे एकोणपन्नासची वाट

नेवाशाच्या एस.टी. स्टँडमागे प्रभुदास रेडिओ दुरुस्त करायचे. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते, म्हणून लोक मुलालाही मास्तरच म्हणत. ते त्यांना शोभायचंही, कारण ते रेडिओ दुरुस्त कमी करत आणि लोकांना समजावून जास्त सांगत.

गिऱ्हाइकांचा ठाम समज होता, की नंबर मोठा तो माल भारी. मास्तर रेडिओच्या पोटातले वाटाण्याएवढे ट्रान्झिस्टर दाखवून सांगत, की बी.सी. १४७ पंचेचाळीस व्होल्ट सोसतो, १४८ आणि १४९ वीसच. पण १४९ खरखर कमी करतो, म्हणून आवाज वाढवायची सुरुवात त्याच्याकडे. शिवाय नंबरामागे ए, बी, सी अशी अक्षरं. ए आवाज कमी वाढवतो, सी सगळ्यात जास्त. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि म्हणायचं, "मग मोठाच टाका."

मास्तर मोठाही टाकत नसत आणि लहानही. बनवणाऱ्यानं जो घातला तोच नंबर, त्याच अक्षराचा. तो डब्यात नसला की पुण्याला पत्र जाई आणि पार्सल येईपर्यंत रेडिओ फळीवर. त्या वर्षी फळीवर अकरा रेडिओ मुके बसले होते. पेठेतला छगन काहीही काढून काहीही लावी, आणि त्याचे रेडिओ वाजत. मास्तरांना याचं मनापासून वाईट वाटे.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली, आणि तिसऱ्याच दिवशी गोजरबाई लुगड्याच्या धडप्यात रेडिओ बांधून आल्या. नवरा कधीच गेलेला, एकुलता मुलगा सहादेव पलटणीत, राजस्थानच्या सरहद्दीवर. रेडिओ त्यानंच आणलेला. बिघडला तर मास्तरांकडेच न्यायचा, छगनकडे नाही, असं बजावूनही ठेवलेलं. मास्तरांना अर्ध्या तासात दोष सापडला. १४९ सी गेला होता. डब्यात १४८ बी होते, चांगले सात-आठ. मास्तरांनी पुण्याला पत्र लिहिलं.

बाई रोज एस.टी.नं यायच्या, बाकड्यावर बसायच्या आणि परत जायच्या. खरखर आली तरी चालेल, म्हणायच्या. मास्तर मायेनंच समजावत, की बी आणि सी यांच्यात दुपटीचा फरक, काम करायचं तर नीट. दहाव्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं, की गावात चावडीवर रेडिओ आहे, तिथं का ऐकत नाही?

"मी गेले की बटन बंद करत्यात," गोजरबाई म्हणाल्या. "मंग हसून म्हनत्यात, समदं ठीक हाय. खरं म्हनत्यात का माझी कीव करत्यात, कळत न्हाई. ह्यो माझा रेडिओ मला बघून बंद हुनार न्हाई, मास्तर."

मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नेमाची लाज वाटली. त्यांनी डब्यातला १४८ बी उचलला, तिन्ही पायांना डाग दिला आणि बटण फिरवलं. खरखर होती थोडी. ती त्यांना एकट्यालाच ऐकू आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लढाई थांबल्याचं बाईंनी आपल्या ओट्यावर, आपल्या कानांनी ऐकलं. चौदा दिवसांच्या लढाईतले दहा दिवस मास्तरांच्या फळीवर गेले होते.

फेब्रुवारीत पार्सल आलं. १४९ सी खिशात घालून मास्तर थेट गोजरबाईंच्या गावी गेले. चुकीचा नंबर काढल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. सहादेव रजेवर आलेला होता. मास्तरांनी झाकणाला हात घालताच बाईंनी रेडिओ मांडीवर ओढला. वाजतोय तर त्याचं पोट कशाला फाडायचं, असं त्यांचं म्हणणं. चहा मात्र त्यांनी आग्रहानं पाजला.

सहादेव मास्तरांना फाट्यापर्यंत सोडायला आला. दुसऱ्या नंबरानं रेडिओला काही धोका आहे का, असं त्यानं विचारलं.

"छे," मास्तर म्हणाले. "तो वीस व्होल्ट सोसतो, तुझा रेडिओ चालतो नऊवर. वाजेल जन्मभर."

फाट्यावर पोचल्यावर सहादेव थांबला.

"मंग मास्तर, आईला धा दिस कशापायी बसवलं?"

एस.टी. यायला अजून पाऊण तास होता, आणि सहादेव उत्तरासाठी शेजारी उभा होता.