मेंदूची भिंत आणि माझा काढा

"मल्टिपल स्क्लेरोसिस," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि एमआरआयची फिल्म त्यांनी उजेडावर लावली. "थोडक्यात एमएस. मेंदूत आणि मज्जारज्जूत ठिकठिकाणी डाग पडलेत. हा बघा, हा, आणि मानेतला हा ताजा आहे."

मला त्या फिल्ममधलं काही कळलं नाही. मी एका माध्यमिक शाळेत क्लार्क आहे. कागद हातात आला की आधी सही-शिक्का शोधायची सवय. शेजारी माझे यजमान बसले होते, शिवानंद, वय अडतीस. त्यांनी फिल्मकडे बघितलंच नाही. मॅडमच्या तोंडाकडे बघत त्यांनी एवढंच विचारलं, "डोळा जाईल का माझा?"

"डावा बराचसा सुधारलाय. पुन्हा झटका येऊ द्यायचा नाही, हे आता आपलं काम."

हे काही 'नाही' नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं बाहेर पडल्यावर, चप्पल घालताना.

ज्यांच्या घरात हे नाव नुकतंच शिरलंय, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. आजार कसा आला ते सांगेन आणि त्यात मी काय करून ठेवलं तेही सांगेन. दुसरं सांगायला जड जातंय, पण लिहायला बसले ते त्यासाठीच.

हे चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रंग तपासतात. ठरलेल्या नमुन्याशी मालाचा रंग जुळला तरच माल पुढे सोडायचा. उजवा डोळा मिटून डाव्याने बघायची त्यांची जुनी खोड. एका सोमवारी त्यांनी लाल टॉवेलचा अख्खा लॉट अडवला. लाल फिका आलाय म्हणाले. लोकांनी नमुना शेजारी ठेवून दाखवला, तर म्हणाले नमुनाच विटलाय, दुसरा आणा. दुसरा आणला, तोही विटका. बरीच बाचाबाची झाली. शेवटी सोबतच्या एकाने सांगितलं, "मालक, जरा दुसऱ्या डोळ्यानं बघा की." उजव्या डोळ्याने बघितलं तर लाल चांगला लालभडक होता.

घरी येऊन हे त्यावर हसले. मीही हसले, चाळिशी लागली म्हणून चिडवलं. गुरुवारपर्यंत डावा डोळा फिरवला की दुखायला लागला आणि मधोमध धूर दिसायला लागला. मग हसणं बंद झालं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी 'ऑप्टिक न्यूरायटिस' लिहिलं, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला सूज. त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे, म्हणजे या मॅडमकडे धाडलं. मग एमआरआय. मग लंबर पंक्चर, म्हणजे कमरेतून सुई घालून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढणं. लोक म्हणतात त्याने माणूस लुळा पडतो. तसं काही होत नाही. ह्यांचं दोन दिवस डोकं दुखलं, बस. पाच दिवस सलाईनमधून स्टेरॉइड दिलं. सहाव्या दिवशी डाव्या डोळ्याला भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे दिसले.

मॅडमनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे चित्र काढून समजावलं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात. त्याला 'ब्लड ब्रेन बॅरिअर' म्हणतात, म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर. रक्तातलं ऐरंगैरं मेंदूत शिरू नये म्हणून तो असतो. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तात फिरतात. एमएसमध्ये त्यांतल्या काही बिथरतात, त्या भिंतीला आतून चिकटतात, फट शोधतात आणि पलीकडे मेंदूत जातात. तिथे नसांवरचं आवरण खातात. वायरवरचं प्लास्टिक सोलल्यावर होतं तसं मग नसांचं होतं.

"पण त्या पेशी आपल्याच हायत न्हवं?" ह्यांनी विचारलं.

"आपल्याच."

"मग अशा का वागत्यात?"

"ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. पण त्या भिंतीला कशाने चिकटतात, ते कळलंय."

भिंतीला धरायला या पेशींच्या अंगावर हुकासारखा एक आकडा असतो म्हणे. नॅटॅलिझुमॅब नावाचं औषध त्या आकड्यावर जाऊन बसतं. पेशी रक्तातच फिरत राहते, आत जाता येत नाही. महिन्यातून एकदा शिरेतून द्यायचं. मात्र मेंदूवरचा पहारा त्यामुळे कमी होतो. जेसी नावाचा एक विषाणू अंगात मुक्कामाला असेल, तर तो मेंदूत माजतो आणि जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी रक्त तपासायचं.

तो रिपोर्ट बाहेरगावाहून यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: पहारा कमी होतो. रिपोर्ट निगेटिव्ह आला. "धोका फार कमी, पण शून्य नाही," मॅडम म्हणाल्या. मला शून्य पाहिजे होता.

आता माझं ऐका. कोरोनाच्या काळात मी आमच्या गल्लीला गुळवेलीचा काढा पाजला होता. कुणी तोंड वाकडं केलं तर उभं राहून पाजला. मला सगळं कळतं, असा माझा तेव्हापासूनचा समज. सासरी वळसंगला शेताच्या बांधावर कडुलिंब आहे, त्यावर गुळवेल चढलीय. सासूबाईंना फोनवर नव्या औषधाचं नुसतं सांगितलं, तर त्यांनी पिशवीभर कांड्या धाडल्या. "विंग्रजी औषध लई गरम असतंय. काढा दे त्याला, ताकद येईल," म्हणाल्या. मलाही पटलं. पहारा कमी होणार, तर बाहेरून कुमक पाठवली पाहिजे. ज्या पेशी माझ्या नवऱ्याचा डोळा खात होत्या, त्यांनाच मी रोज सकाळी बळ द्यायला निघाले होते, एवढं साधं मला सुचलं नाही.

पहिल्या डोसच्या आधी मॅडमनी विचारलं, "अजून काही घेताय? आयुर्वेदिक, घरगुती?"

"नाही," मी म्हणाले. काढा म्हणजे काय औषध, असं मला तेव्हा खरंच वाटत होतं.

दोन डोस सुरळीत पार पडले. तासभर सलाईन, मग तासभर नुसतं बसवून ठेवायचं. हे कामावर जायला लागले. तिसऱ्याच्या आधीच्या रक्त तपासणीत एसजीपीटी वाढलेलं आलं. यकृताला सूज आली की हा आकडा चढतो. ह्यांचा सहापट चढला होता.

मॅडमनी पुन्हा विचारलं, या वेळी सावकाश. "घरचं काही? काढा, चूर्ण, जडीबुटी?"

माझ्या तोंडून पुन्हा "नाही" गेलं. या वेळी मला पूर्ण कळत होतं की मी खोटं बोलतेय. गल्लीला पाजणारी बाई मी, आता यांच्यासमोर मान कशी खाली घालू? हे माझ्या शेजारी बसून स्वतःच्या बोटांकडे बघत होते. 

"मग संशय या इंजेक्शनवरच," मॅडम म्हणाल्या. "तेही लिव्हरला त्रास देऊ शकतं. डोस थांबवू. आठवड्याने रक्त बघू."

तो आठवडा मी विसरणार नाही. औषध उतरलं की अडवून ठेवलेल्या पेशी पुन्हा सुटणार आणि झटका आधीपेक्षा जोरात येऊ शकतो, हे मॅडमनी सांगितलं होतं. हे सकाळी उठले की आधी एक डोळा झाकून कॅलेंडर वाचायचे, मग दुसरा. मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायची. बुधवारी डाव्या पायाला मुंग्या आल्या म्हणाले. दुपारी गेल्या. काढा मी त्याच दिवशी बंद केला, पण गुपचूप. गुपचूप बंद केला की चूकही गुपचूप मिटते, असं मनाला समजावत होते.

आठवड्याने आकडा आणखी थोडा वर गेला होता. मॅडम फाइल पुढे ओढून लिहायला लागल्या. "हे औषध आता कायमचं बंद करावं लागेल. दुसरं बघू, पण मानेतला डाग बघता मला हेच हवं होतं."

पेन चालत होतं. ते वाक्य पूर्ण झालं असतं तर माझ्या खोट्यापायी ह्यांचं औषध गेलं असतं. मी म्हणाले, "मॅडम, गुळवेलीचा काढा. रोज. पहिल्या डोसच्या आधीपासून. मी देत होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी दोनदा विचारलं होतं."

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "गुळवेलीने काही जणांच्या लिव्हरला सूज येते. ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलीय, त्यांनी तर ती घेऊच नये. याच्यामुळेच झालं असं मी आज सांगत नाही. बंद ठेवा. रक्तच सांगेल." आणि लिहिलेली ओळ त्यांनी खोडली.

रक्ताने सांगितलं, पण घाई केली नाही. दोन आठवड्यांनी आकडा निम्म्यावर आला, आणखी तीन आठवड्यांनी जागेवर. मधे एमआरआय पुन्हा काढला. रिपोर्टच्या खोलीबाहेर मी दोन तास बसले होते; दार उघडलं की उठायची, मग बसायची. नवा डाग नव्हता. तेव्हा मी रडले, सगळ्यांसमोर.

सासूबाईंना फोन करून सांगितलं, आता कांड्या पाठवू नका. त्या म्हणाल्या, "मी इक्ती वर्सं पिते, मला काय झालं गं?" मी म्हटलं, "आई, तुमच्या पेशी शहाण्या आहेत, ह्यांच्या नाहीत."  मग म्हणाल्या, "मग नगो बाई. डोळा हाय तो ऱ्हाऊ दे."

तिसरा डोस सुरू झाला त्या दुपारी वॉर्डात आम्ही दोघंच होतो. थेंब पडताना मी बघत होते. ती पेशी भिंतीला नेमकी कुठे धरते हे कुणीतरी, कुठेतरी, वर्षानुवर्षं बघत बसलं असेल. त्यांची नावं मला माहीत नाहीत. त्यांना आणि मॅडमना मनातल्या मनात हात जोडले. मग ह्यांना विचारलं, जे पाच आठवडे विचारायचं धाडस झालं नव्हतं.

"अहो, मी नाही म्हणाले तेव्हा तुम्ही का बोलला नाहीत? तुम्हीच तर पीत होता की."

"तू न्हाय म्हणालीस. मग मी व्हय म्हणून तुला मॅडमपुढं खोटं पाडू?"

"डोळा गेला असता तुमचा."

"गेला असता," हे म्हणाले, आणि सलाईनचा हात उशीवर नीट ठेवला.

लग्नाच्या चौदा वर्षांत मला त्यांचा एवढा राग कधी आला नव्हता. आणि इतकी मायाही कधी आली नव्हती. दोन्ही एकदमच आलं, त्यामुळे मी उठून पाण्याची बाटली भरायला गेले.

या गोष्टीला आता वर्ष झालं. दर महिन्याला आम्ही डोससाठी जातो, सहा महिन्यांनी जेसीची तपासणी. औषध चालू असूनही एसजीपीटी पुन्हा चढलेलं नाही. तुम्हाला भीती वाटेल ती वाटू द्या, तिला इलाज नाही. पण घरात कराल ते डॉक्टरांना सांगा, त्यांनी विचारायच्या आधी सांगा, आणि आजारी माणसावर ते सोडू नका. तुमची लाज राखायला तो गप्प बसेल. मॅडम तिसऱ्यांदा विचारणार नव्हत्या, आणि आमचे हे त्यांना कधीच सांगणार नव्हते.