फ्रान्सच्या भिंतीवरचा सखाराम

बॅगेचं वजन करायची आमची एकच रीत. बाथरूममधला काटा हॉलमध्ये आणायचा, बॅग छातीशी धरून मी त्यावर उभं राहायचं आणि इंदूनं वाकून आकडा वाचायचा. मग बॅग ठेवून मी एकट्यानं चढायचं आणि तिनं वजाबाकी करायची. त्या दिवशीही तेच चाललं होतं. फ्रान्सला जायचं होतं. बॅग जड भरली.

"श्वास रोखून काय उभे राहता? त्यानं का वजन कमी होतंय?" ती म्हणाली.

"तू लाडू काढ, मग होईल."

"लाडू नाही काढणार. तुमचा स्वेटर काढते."

आणि काढला. आमचं शेवटचं भांडण म्हणा, बोलणं म्हणा, ते एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्याशी उभी असताना ती खाली बसली ती उठली नाही. अँब्युलन्स आली, गेली. बॅगा दाराशी तशाच उभ्या होत्या.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाला काहीतरी लिहून द्या म्हणाले म्हणून लिहितोय. गावाकडची मंडळीही वाचतील. मी सातवी शिकलेला, जन्मभर एसटी चालवली. गोड लिहिता येत नाही.

अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला आम्ही आलो ते मुलामुळं. सतीश म्हणाला, बाबा, तिकडं दोघंच काय करता? इथं येऊन आम्ही दोघंच बसायला लागलो. सकाळी सतीश आणि सूनबाई ऑफिसला, नात रिया कॉलेजला. मग मी आणि इंदू खिडकीपाशी. समोरच्या घरात कोण राहतं ते मला अजून माहीत नाही, त्यांचा कुत्रा तेवढा ओळखतो. पण दोघं होतो तोवर त्याला एकटं म्हणत नाहीत, हे आता कळलं.

फ्रान्सचं वेड इंदूचं. तिचे आजोबा सखाराम कदम पहिल्या महायुद्धात खंदक खोदणाऱ्या पलटणीत होते. बोटीनं फ्रान्सला गेले, परत आले नाहीत. सरकारकडून एवढंच आलं की सापडत नाही. इंदूचे वडील तेव्हा पाळण्यात. आजीनं कुंकू पुसलं नाही. मढं दाखवा, मग पुसते म्हणाली. म्हातारी होईपर्यंत कुंकू लावलं, बांगड्या भरल्या, आणि तशीच गेली. गावानं काय सोडलं असतं? सखाराम तिकडं मडमेच्या घरी राहिला, असं म्हणायचे. इंदू शाळेत असताना पोरी तिला मडमेची नात म्हणायच्या. सत्तरी गाठली तरी ती ते विसरली नव्हती.

तिकडं सापडले नाहीत अशा शिपायांची नावं कोरलेली एक भिंत आहे, असं रियानं शोधून काढलं. तेव्हापासून इंदूनं आणि गावाकडच्या तिच्या थोरल्या भावानं, आमच्या दादांनी, दुसरा विषय काढला नाही. रविवार आला की दादांचा फोन. "काय दाजी, जिवंत हाईसा न्हवं? इंदीला द्या." मग तासभर तेच. नाव असेल का, नसेल का, नसलं तर मडम खरी का.

इंदू गेली तेव्हा दादांच्या छातीचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. दादांचा मुलगा आणि सतीश फोनवर बोलले आणि ठरवलं, दादांना आत्ता नको सांगायला. आपल्यात असंच करतात. म्हाताऱ्या माणसाला सोसणार नाही म्हणायचं आणि खोटं सांगायचं काम दुसऱ्या म्हाताऱ्याकडं द्यायचं. पहिल्या रविवारी मी म्हणालो, इंदू झोपलीय. दुसऱ्या रविवारी, देवळात गेलीय. पुढच्या रविवारी, घसा बसलाय. दादा म्हणायचे, बरं, फ्रान्सला गेल्यावर तिलाच सांगू द्या.

सतीश ट्रिप कॅन्सल करणार होता. रिया म्हणाली, "नो, डॅड. आजीसाठी जाऊ या." तारखा बदलून घेतल्या आणि आम्ही तिघं निघालो. विमानात माझ्या शेजारी एक गोरी बाई झोपली होती. माझ्या खांद्यावर तिचं डोकं आलं. मी हललो नाही.

आता सतीशचं प्लॅनिंग. आठवडाभर सुट्टी काढलीय म्हटल्यावर नुसती भिंत कशी बघायची? आधी एक किल्ला. मी म्हटलं, गड असेल, दम लागेल. बघतो तर सपाटीवर मोठा वाडा, भोवती पाणी, पाण्यात बदकं आणि आत हॉटेल. शत्रू आला तर थेट जेवायलाच बसला असता. मग कालव्यातली होडी. मग एका रानात झाडांना दोऱ्या बांधून माणसं माकडासारखी पलीकडं जातात, रियाला तिथं जायचं होतं. ती वरून हात हलवायची, मी खालून. इंदू असती तर ओरडली असती, उतर खाली कार्टे! मला ओरडावंसं वाटलं. मी बाकावर बसून तिच्या लाडवांचा डबा उघडला. त्यांना वास यायला लागला होता. तरी एक खाल्ला.

मुलूख चांगला आहे. लांबपर्यंत काळी रानं, सतीश म्हणाला बीट आहे, त्याची साखर करतात. आम्ही उसाची माणसं, मला हसू आलं. हे इंदूला सांगायचं म्हणून मी मागच्या सीटकडं वळलो. मागं रियाशेजारी जॅकेटं होती.

वाटेत दर गावाबाहेर कबरस्तान. पांढरे दगड ओळीनं, गवत कापलेलं, दगडापाशी गुलाब. चौकात त्यांच्या स्वतःच्या पोरांची नावं कोरलेला खांब. एवढंसं गाव आणि केवढी नावं. एका खांबाशी एक म्हातारा फुलं ठेवत होता. मला बघून त्यानं टोपी काढली, मीही काढली. त्या आठवड्यात तेवढंच काय ते माझं कुणाशी बोलणं झालं म्हणा.

भिंत रस्त्याच्या कडेलाच निघाली. गोल, आणि आत गवत. मला इंग्रजी येत नाही, म्हणून रियानं सखाराम कदम हे नाव पेनानं माझ्या तळहातावर लिहून दिलं. हात भिंतीपाशी धरून मी अक्षराला अक्षर लावत निघालो. सतीश दुसऱ्या टोकानं. आम्ही दोघं मराठा पलटण लिहिलंय तिथं शोधत होतो. आपला माणूस आपल्यातच असणार, दुसरं कुठं? सगळी नावं झाली. नाही. पुन्हा बघितलं. नाही. घामानं माझ्या हातावरचं नाव पुसट झालं. मनात आलं, बरं झालं इंदू नाहीये.

"आबा! इकडे या. आय थिंक आय फाउंड हिम!"

रिया भलत्याच ठिकाणी उभी होती. खंदक खोदणाऱ्यांचा भाग वेगळा होता, आणि सखाराम शीख, पठाण, मद्रासी यांच्या मधोमध. ज्यांच्याबरोबर खोदलं त्यांच्याबरोबरच राहिला. मी बोट फिरवलं. दगड गार होता. मडम नव्हती. कधीच नव्हती.

रिया रडायला लागली. सतीशनं फोटो काढले. मला मात्र दुसरंच आठवत होतं. इंदू सांगायची, त्या पलटणीतला एक गडी परत आला होता. आजोबांच्या वडिलांना बाजूला घेऊन काहीतरी बोलला आणि निघून गेला. काय बोलला ते त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मी त्या भिंतीपुढं उभा राहून म्हटलं, काय बोलला असेल ते तर उघड आहे. आणि सून बाळंतीण आहे म्हणून ते म्हणाले असतील, आत्ता नको. चांगल्या मनानंच म्हणाले असतील. आणि मग ते आत्ता कधी संपलंच नाही. बाई जन्मभर दाराकडं बघत राहिली.

संध्याकाळी मी सतीशला म्हणालो, "उद्या दादांना सांगतो."

"नाव सापडल्याचं ना? ऑफकोर्स."

"आईचंही."

"बाबा, प्लीज. मामांचं हार्ट... आपण डिसाइड केलंय ना?"

"तू केलंयस. मी नाही केलं."

"काही झालं त्यांना तर?"

"झालं तर माझ्यामुळं झालं म्हण."

तो उठून आत गेला. मला झोप आली नाही.

सकाळी भाड्याच्या घराच्या पायरीवर बसून मी फोन लावला. समोर बिटाचं रान, वर ढग.

"दाजी! आज रविवार न्हाई की!"

"दादा, बसा आधी. घरात कोण आहे?"

"सूनबाई हाय, भाकरी करतीया. काय झालं?"

"नाव आहे. दगडात कोरलंय. मी हात लावून बघितलं."

 तिकडून दादांनी नाक ओढल्याचा आवाज आला. "म्हंजे आजी खुळी न्हवती, पर खोटं धरून बसली हुती." मग म्हणाले, "इंदीला द्या फोन."

"इंदू नाही, दादा."

"कुठं गेली?"

"गेली. इकडं यायच्या आधीच गेली. दुपारी, उभ्या उभ्या. दुखलं नाही तिला."

मी त्यांचा श्वास ऐकत होतो. चालू होता.

"मला वाटतच हुतं," दादा म्हणाले. "रविवारी इंदी झोपत न्हाई." मग आवाज बारीक झाला. "दाजी, माहेरची साडी न्हाई मिळाली तिला. मी जित्ता असून न्हाई मिळाली."

"मिळाली. तुम्ही भाऊबीजेला पाठवलेली, हिरवी. घडीसुद्धा मोडली नव्हती. सून पैठणी नेसवत होती, ती मी परत ठेवायला लावली. तुमचीच साडी नेसून गेली ती."

"हिरवी."

"हिरवी."

"फोन ठिवू नका," दादा म्हणाले. "डोक्यावरनं पाणी घेऊन येतो."

फोन कुठंतरी खाली ठेवल्याचं ऐकू आलं. सूनबाई काहीतरी विचारत होती, दादा तिला म्हणाले, आपली इंदी गेली. मग नळ सुटला. डब्लिनात आम्ही सगळ्यांनी शॉवर घेतले होते आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसं सुरू झाली होती. तुमचं घर कुठलं, असं तिथं कुणी विचारलं की मी कधी गाव सांगायचो, कधी डब्लिन. आता जिथं तिचं सुतक धरणारं माणूस आहे, तेवढं घर मला उरलंय.

सतीश दारात येऊन उभा राहिला. मी त्याला हातानं बस म्हटलं आणि फोन त्याच्या कानाशी धरला. तिकडं न्हाणीत तांब्यानं पाणी पडत होतं.