जळकोटच्या दादाची तक्रार

आधी उपकार सांगतो, मग हकीकत. आज मी परमुलखात का होईना, स्वतःच्या हातानं कमावून खातो आणि तहान लागली की पोटभर पाणी पितो, ते जळकोटच्या दादामुळं. नुसता हुकूम पाळून पाळून हुकूम देणाऱ्याला रडकुंडीला आणणारा असा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल.

दादा जळकोटच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, माझ्या दोन वर्ग पुढं. उंच, खांद्यात वाकलेला, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि चेहरा इतका भाबडा की त्याला मारायला उचललेला हातसुद्धा वरच राहावा. मी धर्माबादचा, बाप मिरचीच्या आडतीवर हमाल. आम्ही दोघं लातूरच्या एका वसतिगृहात होतो. जिल्हा नुकताच वेगळा झालेला, कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग अजून ओला होता. गावात ओलं म्हणावं असं तेवढंच, कारण पावसाचा पत्ता नव्हता. आमच्या अधीक्षक सरांनी नवा जिल्हा आणि दुष्काळ, दोन्ही फार मनावर घेतलं होतं. "नव्या जिल्ह्याला नवी पोरं पाहिजेत, एका साच्यातली," म्हणायचे. म्हणून सगळ्यांची डोकी भादरली. नावं बंद झाली, खाटेचा नंबर तेच नाव. अंगणात चुन्याच्या फक्कीची रेघ मारली, तिच्यावरून एकामागं एक चालायचं. हसायचं फक्त रविवारी, जेवण झाल्यावर. पण खरी मेख पाण्यात होती. टँकर आला की माणशी एक बादली मिळे. संध्याकाळी प्रार्थना झाली की प्रत्येकानं उभं राहून कुणाचा तरी गुन्हा सांगायचा. ज्याचा गुन्हा, त्याच्या वाट्यातलं पाणी सांगणाऱ्याला. जो कुणाचंच नाव घेणार नाही, त्याची अर्धी बादली जप्त. थोड्याच दिवसांत पोरं अशी झाली, की शेजारचा झोपेत बरळला तरी ह्याच्या तोंडाला पाणी सुटे.

दादानं ह्या सगळ्याला कधी विरोध केला नाही. उलट त्याच्याइतका आज्ञाधारक पोरगा सरांना मिळाला नव्हता, आणि हीच सरांची पंचाईत होती. "सर, शिंक येऊन राहिली. परवानगी हाय का?" म्हणत तो नाक धरून उभा राही, आणि सर 'हो' म्हणेपर्यंत त्याचे डोळे पांढरे होत. एकदा सर न्हाणीत होते, तर हा दाराबाहेर. "सर, जांभई!" आतून सर ओरडले, "दे रे बाबा, दे एकदाची!" एका दुपारी वावटळीनं अंगणातली फक्की अर्धी उडवली. दादा जिथं रेघ संपली तिथं एक पाय वर घेऊन उभा. जेवणाची घंटा झाली तरी हलेना. "रेघ इथवरच हाय सर. पुढचा हुकूम न्हाई." आम्ही ओठ चावत उभे होतो, कारण त्या दिवशी मंगळवार होता.

संध्याकाळच्या तक्रारींत तर त्याची कमालच. त्यानं कुणाही पोराचं नाव घेतलं नाही. पहिली तक्रार केली अंगणातल्या कडुनिंबाची. "सर, त्यानं आज पानं गाळली. कुणाला इचारलं बी न्हाई."

"मग झाडाचं पाणी तुला देऊ का रे?"

"तेच म्हन्तो सर. त्याला बी न्हाई, मला बी न्हाई. मिटलं."

झाडाची तक्रार बंद झाली, तेव्हा त्यानं नवीन गुन्हेगार काढला. "खाट नंबर अकरा, सर. ढगाकडं बघत होता. आशेनं."

"अकरा म्हणजे तूच की!"

"हाव. रंगेहाथ पकडलं. त्याचं पाणी द्या मला."

सरांनी नियमच केला होता, काय करणार? दादाच्या बादलीतलं पाणी काढलं आणि दादाच्याच बादलीत ओतलं. दुसऱ्या दिवशी आणखी काही पोरांनी स्वतःलाच पकडून दिलं. मग सर खवळले. "माणसाचं नाव पाहिजे, आणि दुसऱ्याचं!" तेव्हापासून दादा संध्याकाळी उठून गप उभा राही, आणि रोज अर्धी बादली सोडून देई.

मला ते जमण्यासारखं नव्हतं. माझी बादली आधीच दुसऱ्यांकडं जायची, कारण माझं नाव घेणं सगळ्यांना सोपं जायचं. मी भांडत नव्हतो, नुसता थरथरायचो. कधी कधी माझ्या वाट्याला तांब्याभर पाणी उरे. मग लघवीला आग होऊ लागली, लाल होऊ लागली, ताप हटेना. सर म्हणाले, बहाणा. बाप मिरचीच्या ट्रकबरोबर लातूरला आला तेव्हा मी त्याच्या पायाला मिठी मारली. तो म्हणाला, "दोन टाइम भाकर भेटून राहिली ना? घरी ती बी न्हाई. पळून आलास तर मीच परत आणून सोडीन." ते खोटं नव्हतं, रेणापूरचा एक पोरगा पळाला, त्याला त्याच्याच बापानं कानाला धरून परत आणलं होतं. ज्याला सर स्वतः हाकलतील तोच सुटे, आणि हाकलायचा गुन्हा एकच होता: सरांच्या माठातलं पाणी चोरणं. तेवढी हिंमत माझ्यात कुठून येणार!

दादानं मला भिंतीआड गाठलं. "अजून लाल होतंय का रे?" मी मान हलवली. "मग कसं करावं तुझं, लेकरा," म्हणून तो डोकं खाजवत निघून गेला. खाजवायची परवानगीसुद्धा त्यानं मागितली नाही.

त्या संध्याकाळी दादा उठला. चेहऱ्यावर भाबडेपणा नव्हता. "खाट नंबर सतरानं सरांच्या माठातलं पाणी चोरून पिलं. मी बघितलं."

सतरा म्हणजे मी. त्या माठाच्या वाऱ्यालाही मी उभा राहिलो नव्हतो. मी तोंड उघडलं, तसा तो माझ्यावर खेकसला, "गप, चोरा!" सरांना जो आनंद झाला तो चोर सापडल्याचा नव्हता, दादा सापडल्याचा होता. त्यांनी ओट्यावरून खाली येऊन त्याची पाठ थोपटली. "आता झालास साच्यातला!" माझी अख्खी बादली त्याच्यापुढं ठेवली आणि सगळ्यांसमोर तिच्यातलं पाणी प्यायला लावलं. मागून कुणीतरी बोललं, "ह्यो बी तसलाच निघाला." दादानं ते ऐकलं. त्यानं ऐकलं हे मला दिसलं.

सकाळी सरांनी मला हाकललं, तेव्हा फाटकाशी तो रेघ ओलांडून आला. "बाप मारंल. मार खा. पर पाणी पीत ऱ्हा," एवढंच बोलला. मी रागानं वर बघितलंसुद्धा नाही. बापानं मारलं, नंतर मोरीत लाल बघून घाबरला आणि नांदेडच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर मूत्रपिंडं राहिली नसती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. शाळा नववीतच सुटली आणि मी सुरतेला साड्यांच्या घड्या घालायला आलो.

परवा त्याच वसतिगृहातला एक जण इथं भेटला. मी दादाची चौकशी केली, तर म्हणाला, "तो जळकोटचा? लई चुगलखोर. पुढं कुणी बोलत नव्हतं त्याच्याशी." मी सगळं सांगितलं. त्याला पटेना. "मग त्यानं कधी सांगितलं कामून न्हाई?"

सांगितलं असतं तर सरांनी मला परत बोलावलं असतं, हे त्याला कसं समजवावं? दादा कडुनिंबासारखा गप उभा राहिला असेल, परीक्षा होईपर्यंत. तो अजून हसतो का, कुणाला विचारू? जायला मला सुट्टी मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटते, की त्याला भेटलो आणि तो खरोखरच साच्यातला झालेला निघाला तर. तरी जाणार. जळकोटच्या बाजाराच्या दिवशी, त्याच्या दुकानापुढं चार माणसं उभी असताना, मी मोठ्यानं सांगणार आहे की ह्या माणसानं जन्मात एकच चुगली केली, ती खोटी होती, आणि तिच्यावर मी जगतोय. दादा, हे तुझं देणं मी फेडीन.